फुकटचा नाश्ता, किंमत ११,८०० रुपये

चतुर्थीच्या सुट्टीत आमचा एक माजी विद्यार्थी कॉलेजमध्ये भेटायला आला. बी.कॉम. होऊन चार वर्षं झाली, आता बेंगळुरूला एका कंपनीत लेखा विभागात आहे. कॅन्टीनमध्ये चहा मागवला आणि त्याने खिशातून एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. काळं, जाड, टेबलावर आपटलं की खण्ण असा आवाज करणारं. म्हणाला, "सर, याची वार्षिक फी पुढच्या महिन्यात लागणार. १०,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. भरू की नको?"

मला आधी हसूच आलं. हिशेबाचा धंदा करणाऱ्या मुलाने जुन्या मास्तराला विचारावा असा हा प्रश्न नव्हे. पण त्याने मोबाईलमध्ये मांडलेला हिशेब दाखवला आणि हसू थांबलं. हिशेब नीटनेटका होता. बेरीज बरोबर होती. तरीही तो सगळा चुकीचा होता, आणि कुठे चुकीचा ते शोधायला आम्हाला दोन चहा आणि एक प्लेट भजी लागली. तो हिशेब इथे मांडतो, कारण तुमच्यापैकी जे आज शेवटच्या वर्षाला आहेत त्यांना पहिल्या पगारानंतर सहा महिन्यांत असाच फोन येणार आहे. "सर, आपण आमचे निवडक ग्राहक आहात." मी खात्रीने सांगतो.

त्याचा हिशेब असा. वर्षभरात कार्डावर ४ लाख रुपये खर्च. दर १०० रुपयांना २ पॉइंट, म्हणजे ८,००० पॉइंट. एका पॉइंटचा एक रुपया, म्हणजे ८,००० रुपये. विमानतळावरच्या लाउंजमध्ये ९ वेळा गेला; बाहेर पैसे भरून जायचं तर १,२०० रुपये लागतात, म्हणून १०,८०० रुपये. सिनेमाच्या तिकिटांवर ६ वेळा २५० रुपयांची सूट, ते १,५००. एकूण २०,३०० रुपये. त्यातून ११,८०० फी वजा. फायदा ८,५०० रुपये. "मग विचारतोस कशाला?" मी म्हटलं. तर म्हणतो, "आईला पटत नाही."

आईची गोष्ट नंतर सांगतो.

पहिल्यांदा पॉइंट्स. मी म्हटलं, बँकेचं ॲप उघड आणि खरे किती जमा आहेत ते बघ. ५,६०० निघाले. राहिलेले कुठे गेले? ४ लाखांत १ लाख २० हजार रुपये घरभाडं होतं, आणि भाड्यावर पॉइंट नाहीत. उलट ॲपमधून कार्डाने भाडं भरायला एक टक्का शुल्क गेलं ते वेगळंच. बहुतेक कार्डांवर भाडं, पेट्रोल, वॉलेटमध्ये भरलेले पैसे या गोष्टींना पॉइंट मिळत नाहीत किंवा कमी मिळतात. हे नियमांच्या पुस्तिकेत असतं. जाहिरातीत 'प्रत्येक खर्चावर' असं असतं आणि त्यावर एक छोटासा तारा असतो.

मग पॉइंटची किंमत. एक रुपया हे त्याने कुठून आणलं? पॉइंट विमान कंपनीच्या मैलांत बदलले आणि त्या मैलांतून नेमकं महागडं तिकीट मिळालं, तर एक रुपया काय, जास्तही पडतो. पण त्यासाठी हव्या त्या तारखेला मैलांवर मिळणारी सीट शिल्लक पाहिजे. चतुर्थीला गोव्याला येणाऱ्या विमानात ती मिळते का, हे बेंगळुरूहून येणाऱ्या कुणालाही विचारा. प्रत्यक्षात या मुलाने गेल्या वर्षी पॉइंट वापरले ते बँकेच्याच प्रवास-पोर्टलवर, ५० पैशांना एक. म्हणजे ५,६०० पॉइंटचे २,८०० रुपये. माझं म्हणणं एवढंच की तू जसे वापरतोस तशीच किंमत धर. कुणीतरी यूट्यूबवर बिझनेस क्लासमध्ये बसून सांगतो ती किंमत त्याची, तुझी नव्हे.

आता लाउंज. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण या कार्डांचा सगळा जीव त्यातच आहे.

मी त्याला विचारलं, "हे कार्ड नसतं तर विमानतळावर तू काय केलं असतंस?" तो थोडा थांबला. म्हणाला, "चहा आणि सामोसा घेतला असता. नाहीतर आई डबा देतेच." मग त्या नाश्त्याची किंमत १,२०० कशी? कार्ड नसतं तर त्याने १,२०० रुपये खर्च केलेच नसते. वाचले ते चहा-सामोशाचे २५०. विमानतळावरचा सामोसा म्हणून २५०, आपल्या म्हापशातला नव्हे. नऊ वेळचे २,२५० रुपये. सिनेमाचंही तेच. सहापैकी तीन सिनेमे तो सूट होती म्हणून बघायला गेला होता. ज्या सिनेमाला गेलोच नसतो त्यावर वाचवलेले २५० हे वाचवलेले नसतात, उलट तिकिटाचे राहिलेले पैसे गेलेले असतात. तीन सिनेमांचे ७५० धरले.

बेरीज: २,८०० अधिक २,२५० अधिक ७५०, म्हणजे ५,८०० रुपये. फी ११,८००. तोटा बरोबर ६,००० रुपये. त्याच आकड्यांवर, त्याच माणसाचा, ८,५०० चा फायदा ते ६,००० चा तोटा. मधल्या १४,५०० रुपयांच्या फरकाला मी थाट म्हणतो. थाट करायला माझी ना नाही. माणसाला पहाटे साडेचारला मऊ खुर्ची हवीशी वाटते, मलाही वाटते. पण मग थाटाचे सहा हजार असं लिहावं, फायद्याच्या रकान्यात घालू नये.

पहिल्या वर्षी हे त्याच्या लक्षात आलं नाही, त्याला कारण आहे. पहिल्या वर्षी फी भरल्यावर बँकेने तेवढ्याच रकमेचं खरेदीचं व्हाउचर दिलं होतं. म्हणजे कार्ड जवळजवळ फुकटच पडलं. सवय लागते ती त्या वर्षात. दुसऱ्या वर्षी व्हाउचर नसतं, सवय असते. पहिल्या वर्षाचा हिशेब दुसऱ्या वर्षाला लावू नये हे तत्त्व आमच्या विषयात आम्ही घसा कोरडा करून शिकवतो, तरी असं होतं.

हा काही आपल्याकडचाच प्रकार नाही. अमेरिकेत २०१६ साली चेस बँकेने सफायर रिझर्व्ह नावाचं कार्ड काढलं. वार्षिक फी ४५० डॉलर आणि सुरुवातीची भेट १ लाख पॉइंट. तरुण मंडळी अक्षरशः तुटून पडली. २०२० मध्ये फी ५५० झाली, २०२५ मध्ये ७९५ डॉलर. प्रत्येक वेळी फीबरोबर सवलतींची यादीही लांबली: अमुक हॉटेलात एवढे, तमुक ठिकाणी जेवणावर तेवढे. यादी जेवढी लांब तेवढा आपला हिशेब अवघड, आणि हिशेब अवघड झाला की माणूस तो सोडून देतो आणि 'वसूल होत असेल' असं म्हणून फी भरतो.

आपल्याकडेही वाटा मध्येच बदलतात. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर महिन्याला १ लाख खर्च केला की २५,००० जादा पॉइंट मिळत. लोकांनी त्यावर परदेशच्या सहली आखल्या होत्या. १ सप्टेंबर २०२३ पासून ते बंद झालं आणि फी १०,००० वरून १२,५०० झाली. २०२४ मध्ये आयसीआयसीआयच्या बऱ्याच कार्डांवर लाउंजसाठी आधीच्या तिमाहीत ३५,००० रुपये खर्च केलेले असण्याची अट आली. यात बेकायदेशीर काही नाही, नियम बदलायचा अधिकार त्यांनी करारात राखून ठेवलेला असतो. मैलांचंही तसंच. जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ ला थांबली, विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. साठवलेल्या पॉइंटवर व्याज मिळत नाही, भाव मात्र उतरू शकतो. म्हणून आलेले पॉइंट लवकर वापरून टाकावेत. आणि पुढच्या तीन वर्षांच्या सवलती गृहीत धरून आज फी भरू नये.

आता मूळ दुखण्याकडे येतो. बोलता बोलता त्याने सांगितलं, "सर, वर्षाला ५ लाख खर्च झाला तर फी माफ होते. माझे ४ झालेत. एक लाखाचा फोन घ्यावा म्हणतो, फी वाचेल."

११,८०० वाचवायला १ लाख! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. त्याचा आधीचा फोन दीड वर्षाचा होता आणि चांगला चालत होता. आम्ही पुस्तिका पुन्हा काढली. फी माफीच्या ५ लाखांतही घरभाडं धरत नाहीत असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे त्याचे ४ लाख नव्हे, २ लाख ८० हजारच झाले होते. फोन घेतला असता तरी फी लागलीच असती. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. फोन ऑनलाइन निवडून ठेवला होता, रंगसुद्धा ठरला होता.

फी माफ होते म्हणून खर्च करायचा, हे या कार्डांतलं सगळ्यात महाग कलम आहे असं माझं मत आहे. जो खर्च होणारच आहे, जसं विम्याचा हप्ता किंवा बहिणीची कॉलेजची फी, तो कार्डावर फिरवून लक्ष्य गाठलं तर ठीक. त्यातही शुल्क लागतं का ते आधी पाहावं. नवा खर्च जन्माला घालून गाठू नये.

आणि एक गोष्ट त्याने शेवटी सांगितली. अशी गोष्ट माणूस शेवटीच सांगतो. मे महिन्यात मित्रांबरोबर व्हिएतनामला गेला होता. बिल ९०,००० आलं. हातात तेवढे नव्हते, म्हणून दोन महिने नुसती 'किमान देय रक्कम' भरली. बिलावर मोठ्या अक्षरात तीच असते. त्याच्या कार्डावर व्याज महिन्याला ३.६ टक्के, म्हणजे वर्षाला ४३ टक्क्यांच्या वर. त्यावर जीएसटी. दोन महिन्यांत सात हजारांच्या पुढे गेले. शिवाय एकदा बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, दुधाच्या पिशवीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं. हे त्याला माहीत नव्हतं. बी.कॉम. झालेल्या मुलाला हे माहीत नव्हतं, यात आमचाही थोडा दोष आहे म्हणा.

३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो आदेश रद्द केला. तेव्हा कुणी वरून येऊन थांबवेल या भरवशावर राहू नये. बिल दर महिन्याला पूर्ण भरता येत नसेल तर प्रवासाच्या कार्डाचा विचारच नको, फी १०,००० असो की शून्य. वर्षभराचे पॉइंट २,८०० चे आणि दोन महिन्यांचं व्याज सात हजार. पुढे बोलायला काय उरतं?

व्हिएतनामवरून आठवलं. परदेशात कार्ड वापरलं की बँक चलनबदलाचं शुल्क लावते, साध्या कार्डावर बहुधा ३.५ टक्के, महागड्यावर २ टक्क्यांच्या आसपास, आणि त्या शुल्कावर जीएसटी. तिथे याने ६०,००० रुपये कार्डाने खर्च केले होते. फरक निघाला १,०६२ रुपयांचा. हा खरा फायदा, तो मी त्याच्या बाजूने धरायला तयार होतो. पण हे शुल्क अजिबात न लावणारी आणि वार्षिक फी नसलेलीही कार्डं आज मिळतात. आणि तिकडच्या दुकानात यंत्राने 'रुपयांत पैसे घेऊ का?' असं विचारलं तर नाही म्हणावं, स्थानिक चलनातच द्यावे. रुपयांत दिले की दुकानाकडचा बदलाचा दर लागतो आणि तो बहुधा महाग असतो.

मग अशी कार्डं कुणीच घेऊ नयेत का? तसं नाही. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त जोडप्याचा मुलगा स्विंडनला असतो. दोघं दरवर्षी तिकडे जातात, मध्ये कुठल्या तरी विमानतळावर पाच-सहा तास बसावं लागतं. बाईंचे गुडघे दुखतात. त्यांना लाउंज म्हणजे मिरवणं नव्हे, बसायची जागा आहे, आणि कार्ड नसतं तरी त्यांनी पैसे भरून ती घेतली असती. त्यांच्या हिशेबात १,२०० म्हणजे १,२००च. तिकिटांचा खर्चही मोठा आणि ठरलेला, त्यावर पॉइंट भरपूर, आणि बिल काका तारखेच्या आधी चार दिवस भरतात. त्यांनी फी भरावी. कंपनीच्या कामासाठी महिन्यातून चारदा उडणाऱ्या आणि तो खर्च परत मिळणाऱ्या माणसानेही भरावी. कार्ड तेच. खरं म्हणजे त्या माणसांना पोसायला आपल्या पोराची फी आणि पोराचं व्याज उपयोगी पडतं असं मला वाटतं. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये असाच हिशेब केला होता. दुकानदार कार्डाचं शुल्क मालाच्या किमतीत घालतो, ती किंमत रोखीने घेणाराही देतो. त्यातून अमेरिकेत रोख वापरणारं सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर देतं आणि कार्ड वापरणारं कुटुंब १,१३३ डॉलर मिळवतं, असं त्यांनी काढलं. आपल्याकडे २०२० पासून साध्या यूपीआयवर दुकानदाराला शुल्क नाही, त्यामुळे शुक्रवारच्या बाजारात केळी घेताना हा प्रश्न येत नाही. पण मॉलमध्ये, हॉटेलात, विमानाच्या तिकिटात तो आहेच. पॉइंट आकाशातून पडत नाहीत.

आमचे फादर प्रार्थनासभेत लूकच्या शुभवर्तमानातला बुरूज बांधणाऱ्या माणसाचा दाखला अधूनमधून सांगतात, आधी बसून खर्च मोजणाऱ्याचा. याने मोजला होता हो. मोजायला बसलाच नव्हता असं नाही. पण उत्तर आधी ठरवून मोजला होता.

आता आई. लाउंजमधला नाश्त्याचा फोटो त्याने घरच्या ग्रुपवर टाकला होता, इडली, कापलेली फळं, केक, आणि खाली लिहिलं होतं 'फुकट'. आईने उत्तर दिलं, "फुकट कसलं रे, अकरा हजार भरलेस ना?" वाणिज्य शाखेचा कसलाही संबंध नसलेल्या बाईंनी एका ओळीत लेखापरीक्षण केलं. डबा त्या अजूनही देतात आणि तो लाउंजमध्ये उघडायला याला लाज वाटते. हे मात्र मला ऐकून बरं वाटलं नाही.

कॅन्टीनमध्ये बसूनच त्याने बँकेला फोन लावला. कार्ड बंद करायची विनंती आली की, थकबाकी नसेल तर, बँकेने सात कामाच्या दिवसांत ते बंद करायला हवं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम मी त्याला आधीच सांगून ठेवला होता. त्याची गरजच पडली नाही. 'बंद करा' म्हणताच पलीकडून आवाज मऊ झाला आणि फी निम्मी करून मिळाली. ५,००० अधिक जीएसटी, म्हणजे ५,९००.

"सर, फायदा ५,८००, फी ५,९००. शंभर रुपयांचाच तोटा!"

मी म्हटलं, बिनफीच्या साध्या कार्डावर एक टक्का परत मिळतो, तेवढ्याच खर्चावर तेच २,८०० झाले असते. ते तर दोन्हीकडे येतात. या कार्डाचं म्हणून जे जादा आहे ते फक्त ३,०००, आणि त्याला तू ५,९०० देतोयस. तो म्हणाला, "सर, तुम्ही फारच ताणता." कदाचित ताणतही असेन. कार्ड त्याने ठेवलं. माझं मत त्याला अर्धंच पटलं, फीसारखंच.

दोन गोष्टी मात्र त्याने माझ्यासमोर केल्या. ऑनलाइन निवडून ठेवलेला फोन यादीतून काढला, आणि बिल खात्यातून आपोआप जाण्याची सोय 'किमान रक्कम' वरून 'पूर्ण रक्कम' वर आणली. नाव न छापण्याच्या अटीवर हा लेख लिहायची परवानगीही दिली. भज्यांचे पैसे मी देत होतो, तर म्हणाला, "थांबा सर, कार्डाने देतो." आमच्या कॅन्टीनवाल्याकडे कार्डाचं यंत्र नाही.